अकराव्या भाचीचं बाळंतपण

राजारामपुरीतल्या एका गल्लीत जिना चढून वर गेलं की डाव्या हाताला दहावीचा क्लास, उजव्या हाताला दातांचा दवाखाना आणि मधल्या दारावर नुसतीच पाटी : 'ओसरी'. कसली ओसरी, कुणाची ओसरी, पुढे एक अक्षर नाही. एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या माणसांना आधार देणारी ही संस्था. ते पाटीवर लिहिलं असतं तर जिना चढायला कुणी धजलं नसतं. लिहिलं नाही त्याचा त्रास इतकाच, की जून महिन्यात रोज दोन-चार आईबाप आत डोकावून गणिताच्या मास्तरांची चौकशी करतात, आणि कधीतरी एखादा पावणा सुजलेल्या गालाला रुमाल लावून तासभर बाकावर बसून राहतो. बनाबाई त्यालाही चहा देते. दाढ दुखत असताना गरम चहा प्यायल्यावर तो जो ओरडतो, त्यावरून मग ओळखायचं, की हा आपला नव्हे, शेजारचा.

बनाबाईचं वय चोपन्न, राहणार कसबा बावडा. वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि पाठोपाठ तीही जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं. एका डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. भावकीने तिच्या दोन खोल्यांची मनातल्या मनात वाटणीसुद्धा उरकली. बनाबाईने सहा महिने वाट बघितली, मग वर्षभर बघितली, आणि शेवटी कंटाळून कामाला लागली. मुदत देणारे ते डॉक्टर आता काठी टेकत फिरायला निघतात आणि बनाबाई त्यांना हात धरून रस्ता ओलांडून देते.

'ओसरी'त तिच्या हुद्द्याचं नाव मोठं आहे, पण सगळे मावशीच म्हणतात. आणि हे मावशीपण नुसतं तोंडदेखलं नाही. संस्था लग्नं जुळवते. दोघांनाही हा आजार, दोघंही रोजची गोळी घेऊन ठणठणीत, अशा मुलामुलींची गाठ घालून द्यायची. जुळायला वेळ लागत नाही, कारण जी गोष्ट लपवायची ती पहिल्याच भेटीत टेबलावर आलेली असते. अडतं ते मांडवात. मुलीच्या बाजूला माणसंच नसतात. भाऊ तोंड फिरवून बसलेला, चुलते 'कोर्टाची तारीख हाय' म्हणून गायब. आणि सासरच्यांना आजाराचं सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे नवरा-नवरीने ठरवायचं; संस्थेने तोंड उघडायचं नाही, हा 'ओसरी'चा पहिला नियम. तेव्हा वऱ्हाडातल्या कुणी विचारलंच, की "पोरीचं कोन आलंय?" तर जरीची साडी सावरत बनाबाई पुढे होते.

"मी हाय की. मावशी."

संस्थेचे प्रमुख धैर्यशीलसर माणूस सरळ. ते म्हणायचे, "मावशी, आपण खोटं बोलायचं नाही."

"खोटं कुठलं सायेब? मावशी म्हंजे आईची भनच पायजे, आसं कुठल्या कायद्यात लिवलंय?"

समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांना हा मुद्दा कुणी शिकवला नव्हता.

अशा बनाबाईच्या अकरा भाच्या झाल्या. एक शिरोळची जैन, दोन राधानगरीकडच्या, एक थेट इचलकरंजीच्या मागावरची. दिवाळीला अकरा डबे भरायचे, अकरा जावयांची तोंडं सांभाळायची. आणि प्रत्येक घरी वेगळी रीत. शिरोळला कांदा-बटाट्याचं नाव काढायचं नाही, राधानगरीला कोंबडं नको म्हणायचं नाही. पंचांग लक्षात ठेवावं तसं बनाबाई हे सगळं डोक्यात ठेवून एस.टी.त बसायची.

अकरावी शिवलीला. ही लिंगायताची पोर. तिचं लग्न जुळलं मुरगूडच्या सोमेशशी. दोन म्हशी, थोडा ऊस, आणि घरात एकटी आई, शांतादेवी. शांतादेवींना आजाराचं काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. बनाबाईने आठ दिवस तयारी केली. नमस्काराऐवजी 'शरणार्थी' म्हणायचं, कपाळाला तीन बोटं विभूती लावायची आणि मटणाचा विषयसुद्धा काढायचा नाही. पहिली दोन जमली. तिसरं फार जड गेलं, कारण लग्न रविवारी होतं आणि कोल्हापूरच्या बाईला रविवारी दुपारी बारा वाजता पांढरा रस्सा आपोआप आठवतो. पण लग्न निभावलं.

निभावलं नाही ते पुढच्या महिन्यात. पोरीचं कसं चाललंय बघायला बनाबाई मुरगूडला गेली. उन्हातून आलेली. शांतादेवी उंबऱ्यात उभ्या. धिप्पाड बाई, आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं.

"या विहीणबाई. जेवनार न्हवं?"

"व्हय की! लई भूक लागलीया."

शांतादेवींनी एक क्षण तिच्याकडे बघितलं, आत गेल्या, चूल पेटवली आणि गरमागरम भाकऱ्या थापल्या. बनाबाईने दोन भाकऱ्या, भरलं वांगं आणि वर वाटीभर दही असं व्यवस्थित जेवण केलं. समोर बसून शिवलीला सारखे डोळे मोठे करत होती. "काय गेलं गं डोळ्यात? पानी मार जा," असं बनाबाईने तिला मायेने सांगितलंही. निघताना स्टँडवर सोडायला आलेला सोमेश खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आज सोमवार हाय."

"मग?"

"आमच्यात सोमवारी समद्यांचा उपास आस्तोय. लिंगायताची मावशी सोमवारी जेवत न्हाय."

बनाबाई एस.टी.त बसली ती कोल्हापूर येईपर्यंत तिने कपाळावरचा हात काढला नाही. पण शांतादेवी त्यावर कधीच काही बोलल्या नाहीत, तेव्हा ती बाब त्यांच्या ध्यानातच आली नसावी, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली.

दुसऱ्या वर्षी शिवलीलेला दिवस गेले. बनाबाई आनंदली आणि त्याच दिवशी घाबरलीही. आई रोजची गोळी चुकवत नसेल, बाळाला जन्मल्यापासून सहा आठवडे औषधाचे थेंब दिले आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय त्याच्या पोटात काही गेलं नाही, तर बाळ बहुतेक या आजारातून सुटतं. हे ती शंभर बायकांना सांगत आली होती. सांगताना त्यातल्या 'बहुतेक'वर ती हळूच अंगठा ठेवायची. तिचा स्वतःचा मुलगा चौदा महिन्यांचा होऊन गेला होता. तेव्हा थेंब नव्हते, तपासणी नव्हती, 'बहुतेक'सुद्धा नव्हतं. तिने त्याला रोज गुटी उगाळून घातली होती, मधात.

सातव्या महिन्यात शांतादेवींचा फोन आला. फोनची गरज नव्हती, मुरगूडहून नुसत्या बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

"विहीणबाई, पयलं बाळतपन म्हायेरात. रीत हाय. भाऊ इचारत न्हाय, म्हंजे म्हायेर तुमचंच. कवा न्येताय?"

बनाबाईच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत पत्र्याची पेटी, गॅस आणि देव. पण तिला मनातून बरंच वाटलं. दवाखाना जवळ, थेंब वेळेवर, आणि सासूची नजर पंचवीस-तीस मैलांवर. तिने शिवलीलेला आणलं. माघात मुलगी झाली. सव्वादोन किलोची, पण आवाज आजीचा. दवाखान्यातल्या नर्सने पहिल्याच दिवशी विचारलं, "मुरगूडची का?"

थेंब सुरू झाले. बनाबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिकली लावायला सुरुवात केली. अकरा टिकल्या झाल्या आणि बाराव्या दिवशी रिक्षातून शांतादेवी उतरल्या. एक वळकटी, तुपाची बरणी, डिंकाचे लाडू, आणि धडप्यात बांधलेली सहाण.

"नातीला घेऊनच जातो आता," म्हणून त्यांनी वळकटी सोडली. थेंबांची बाटली बघून हे काय म्हणून विचारलं, तर शिवलीला 'ग्यासचं औषध' म्हणून मोकळी झाली.

धडप्यातून सहाणेबरोबर निघाली मुरडशेंग, वेखंड, बाळहिरडा, हळकुंड, जायफळ. सोमेशला याच सहाणेवरची गुटी घातली होती, सोमेशच्या बापालाही. बनाबाईने घाईघाईने सहाणेवर हात ठेवला.

"डाक्टर न्हाय म्हनत्यात हो गुटीला. आजकाल कुनालाच देत न्हाईत."

"डाक्टर सोता कशावर मोठा झाला? इचारा त्याला."

मग सुरू झाली लपाछपी. पहिल्या दिवशी बनाबाईने सहाण पेटीमागे सारली. शांतादेवींनी पाचव्या मिनिटाला काढली. दुसऱ्या दिवशी मुरडशेंग तांदळाच्या डब्यात गेली. ती तांदूळ निवडताना परत आली. तिसऱ्या दिवशी बनाबाईला नामी युक्ती सुचली.

"विहीणबाई, तुमी उगाळा. पाजायचं काम माझं. मावशीचा मान आस्तोय."

"आसं? ही रीत कवाची?"

"आमच्याकडची हाय."

शांतादेवींनी गुटी भरलेलं बोंडलं तिच्या हातात दिलं. बनाबाई पाठ करून मांडी घालून बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळी गुटी स्वतः पिऊन टाकली. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्याही. चोपन्नाव्या वर्षी गुटी मानवली म्हणायची. पोट साफ, झोप गाढ, चेहऱ्यावर तेज. 'ओसरी'त धैर्यशीलसरांनी विचारलं, "मावशी, नवीन औषध सुरू केलंत का?"

सहाव्या दिवशी ती बाळाला घेऊन वळली, तर समोर शांतादेवी.

"विहीणबाई, तुमच्या मिशीला हिरडा लागलाय."

बनाबाईचा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. कोपऱ्यात शिवलीला दुपटी घडी करत होती. तिच्या हातातलं दुपटं तसंच.

"पोरीला गुटी द्येत न्हाय, सोता पिताय. का पिताय? माझ्या हातात इख हाय व्हय?"

खोटं बोलण्यात बनाबाईचा हात धरणारी बाई बावड्यात नव्हती. त्या घडीला तिला किमान चार कारणं सुचत होती. पण मांडीवर ते एवढंसं गरम गाठोडं होतं, सहाण अजून ओली होती, आणि उद्या दुपारी ती 'ओसरी'त असणार होती. तेव्हा बोंडलं कुणाच्या हातात असेल? आणि खरं सांगावं तर या पोरीचं घर उठतं. किती घरं उठलेली तिने बघितली होती. तिने शिवलीलेकडे बघितलं. नियम नियमच. शिवलीलेने दुपटं घडी करून खाली ठेवलं. मग तिने मान हलवली. हो.

"विहीणबाई, मी तिची मावशी न्हाय," बनाबाई म्हणाली. "मला एचआयव्ही हाय. वीस वर्सं झाली."

"ते न्हाय इचारलं मी. गुटीचं सांगा."

"तिला बी हाय. सोमेशला बी. दोगं गोळ्या घेत्यात, धडधाकट हाईत. बाळ सुटंल. पर सा म्हयनं आईच्या दुदाशिवाय पोटात कायबी जाऊन चालत न्हाय. पानी न्हाय, मध न्हाय. नुसतं दूदच न्हायतर वरचंच, दोन्ही एकत्र झालं की धोका वाढतोय. म्हनून..." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "माझ्या लेकराला मी घातलीती गुटी. तवा ठावं नव्हतं."

शांतादेवींनी सहाण उचलली, पाण्याने धुतली, पुसली आणि धडप्यात बांधायला घेतली.

"येवढं मातूर मला ठावं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"येवढं म्हंजे?"

"बाकीचं ठावं हाय की."

शिवलीलेने मान वर केली.

"ह्यो सोम्या," शांतादेवी गाठ आवळत म्हणाल्या, "रोज सांजच्याला आठला 'म्हशीला बघून येतो' म्हनून गोठ्यात जायचा. आगं, म्हैस काय नवी नवरी हाय, रोज आठाला बघायला? एक दिस गेलो मी मागनं. भुशाच्या पोत्यात बाटली घावली. मोकळी झाल्यावर ती घेऊन निपाणीला गेलो. मुरगुडात दावली आसती तर गावभर झालं आसतं. औषधाच्या दुकानातल्या पोरानं आजाराचं नाव सांगितलं, मग म्हनाला, 'आजी, ही गोळी रोज घेतली तर मानूस म्हातारा होऊनच मरतोय.' मी दुकानाच्या पायरीवरच बसलो."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बघितली. गुपित तुमचं. म्या कसं सोडू?" त्या शिवलीलेकडे वळल्या. "आनी दोन वर्सं आठ वाजले की टीव्ही बंद करून कोन म्हनतंय, सोम्या, म्हशीला बघून ये की? शिवलीला, तू बी जा त्याच्यासंगट? उगंच म्हनतो व्हय मी?"

'ओसरी'च्या मासिक बैठकीत सोमेशचं दोनदा कौतुक झालं होतं. एकही गोळी न चुकवल्याबद्दल त्याला गुलाबाचं फूल आणि स्टीलचा डबा मिळाला होता. तो डबा खरा कुणाचा, ते बनाबाईला आत्ता कळलं.

"माझा धाकटा भाऊ, बसवेश," शांतादेवी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तवा औषध न्हवतं. गोठ्यात ठेवलंतं त्याला. ताट लांबनं सरकवायचे. मी थोरली भन. मी बी लांबनंच सरकवलं." मग म्हणाल्या, "पोरीला तुमच्याकडं का धाडली? रीत हाय म्हनून? रीत चुलीत गेली. माझ्या घरात, माझ्या डोळ्याम्होरं तिनं औषध कुठं घेतलं आसतं, बाळाला कुठं पाजलं आसतं? म्हनलं, त्या मावशीकडं ऱ्हाऊ दे. ती बघंल."

मग त्यांनी हात पुढे केले. "आना हिकडं नातीला. आता थेंब कवा द्यायचं, किती द्यायचं, दावा. 'ग्यासचं औषध' म्हनं! ग्यासचं औषध कॅलेंडराला टिकल्या लावून कोन द्येतंय?"

त्या संध्याकाळी आठ वाजले. त्या घरातली आजवरची आठची तऱ्हा अशी : बनाबाई मोरीत जाऊन गोळी घ्यायची, शिवलीला गोधडीखाली, आणि बाटलीची खडखड लपवायला बाळाला खोकला आल्याचं दोघी मिळून सोंग करायच्या. शांतादेवींनी तांब्या भरून मधोमध ठेवला, दोन फुलपात्रं मांडली आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "चला, म्हशीला बघून या."

दोघींनी बसल्या जागी गोळी घेतली. शिवलीलेला आधी हसू आलं आणि मग रडू, की उलट, ते तिलाही नीट सांगता यायचं नाही.

सहा आठवड्यांच्या बेचाळीस टिकल्या पुऱ्या झाल्या. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कागदावर पुढे गेले, आणि रिपोर्ट यायला वेळ लागू लागला. शांतादेवी रोज विचारायच्या नाहीत. रोज फक्त बनाबाई घरी आली की तिच्या पिशवीकडे बघायच्या आणि भाकरी थापायला बसायच्या. सोमेश रविवारी यायचा, म्हशीचं दूध घेऊन. आईला सगळं ठाऊक आहे हे कळल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल, तर भुशाच्या पोत्यातली बाटली आणून फळीवर, देवाशेजारी ठेवली. शांतादेवींनी ती उचलून त्याच्या पिशवीत घातली. "देवाला न्हाय लागत. तुला लागती."

चैत्रातल्या एका दुपारी धैर्यशीलसर स्वतः बावड्याला आले. फोनवर सांगायची त्यांना हिंमत झाली नाही, आणि घरात पाऊल टाकेपर्यंत धीरही निघाला नाही, दारातूनच ओरडले, "निगेटिव्ह!" मग जीभ चावून गल्लीकडे बघितलं. समोरची बाई म्हणाली, "काय आलं ओ?" शांतादेवी तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणाल्या, "नातीचं रगत तपासलंतं. झ्याक हाय! लाडू घेऊन जा."

दीड वर्षाची झाल्यावर आणखी एक तपासणी आहे, तोवर मधेही आहेत, हे सर समजावून सांगत होते. शांतादेवींनी मान डोलावत ऐकलं आणि सांगितलं, "करू की. कुठं पळून जातोय?" बनाबाई मोरीत गेली. मोरीतून बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या पदराला नाक पुसल्याचं दिसत होतं आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. शांतादेवींनी नुसतं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

चार दिवसांनी तिथेच, दोन खोल्यांत, बारसं झालं. शांभवी. कानात नाव सांगायला आत्या लागते. सोमेशला बहीण नाही. कुणीतरी म्हणालं, आता हो? शांतादेवी म्हणाल्या, "हाय की. मावशीच आज आत्या. मावशी कुठं खरी हाय, जी आत्या खोटी पडंल?" आणि बनाबाईने एकाच दुपारी दोन नाती निभावली.

निरोपाला सगळे स्टँडवर. शिवलीला पाया पडली, सोमेश पडला. बनाबाईने बाळाची दृष्ट काढली आणि शांतादेवींपुढे हात जोडून घाईघाईने, आठ दिवसांच्या त्या जुन्या तयारीतलं म्हणाली, "शरणार्थी, विहीणबाई."

"शरणार्थी," शांतादेवी एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवून म्हणाल्या. "आता दर म्हयन्याला यायचं नातीला बघाया. पर मंगळवारी या."

"का हो?"

"सोमवारी आमच्यात उपास आस्तोय," शांतादेवी खिडकीतून अशा आवाजात म्हणाल्या, की पलीकडची निपाणी गाडी सोडून दोन पॅसेंजर बघायला आले, "आनी तुमास्नी काय भूक धरवत न्हाय!"